दोन नंबरच्या गाठीची गोलाई

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला रंग द्यायचा नाही, असं घरात ठरलेलं आहे. दार सागवानाचं आहे, आलापल्लीत दुसरं कशाचं असणार, आणि त्याच्या आतल्या बाजूला निळ्या तेलकट खडूने आकडे लिहिलेले आहेत. आलेगेले विचारतात, हे काय? मी सांगते, हे माझ्या मुलीचं हृदय. मग ते घाईघाईने पावसापाण्याचं बोलू लागतात आणि मला हसू आवरत नाही.

मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर ओरडणार आहे आणि त्यातल्या निम्म्यांची काहीच चूक नव्हती. नोकरी वनरक्षकाची. दिवसभर जंगलात बोलायला फारसं कोणी नसतं, त्यामुळे घरी आल्यावर साठलेलं सगळं बाहेर पडतं, असं माझा नवरा म्हणतो. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. स्वभावाने इतका थंड, की पायावरून साप गेला तरी आधी तो कुठल्या जातीचा होता ते आठवत बसेल. घरात तिसरे मामाजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. मामाजींनी सगळी नोकरी इथल्या लाकूड डेपोत काढली, सागवानाचे ओंडके मोजण्यात.

डेपोत मोजायची एक पद्धत आहे. एक जण ओंडक्याला टेप गुंडाळतो आणि आकडा ओरडून सांगतो. वही धरलेला दुसरा तोच आकडा तितक्याच मोठ्याने परत ओरडतो आणि मगच लिहितो. असं केलं की ऐकण्यात चूक होत नाही. मामाजी निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. कंडक्टर नुसतं "साडेनऊला सुटेल" म्हणाला, की मामाजी "साडेनऊ!" असं अख्ख्या स्टँडला ऐकवतात. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, हे मला ओरडून राहिले आहेत, आणि मीही परत ओरडायचे. शेजाऱ्यांचे ते दिवस मजेत गेले असणार.

आठव्या महिन्यात चंद्रपूरला सोनोग्राफी झाली. डॉक्टर बाई आधी छान गप्पा मारत होत्या आणि मधेच गप्प झाल्या. मी विचारलं, काय आहे? म्हणाल्या, नागपूरला दाखवून घ्या. मी परत विचारलं. म्हणाल्या, बाळाच्या हृदयात काहीतरी दिसतंय. "काहीतरी म्हणजे काय?" हे मी इतक्या जोरात विचारलं, की बाहेर बाकावर बसलेली एक बाई उठून उभीच राहिली. तेव्हा मला जितकी भीती वाटली तितकी जंगलातल्या माझ्या बीटवर वाघ समोर आला तेव्हाही वाटली नव्हती.

नागपूरच्या डॉक्टर मॅडम लहान मुलांच्या हृदयाच्याच. त्यांनी कागदावर पेरूसारखं एक हृदय काढलं आणि त्यात तीन ठिपके दिले. हृदयाच्या स्नायूतूनच झालेल्या या गाठी, त्यांना रॅब्डोमायोमा म्हणतात. कॅन्सर नाही. पसरत नाहीत. पोटात असेपर्यंत वाढतात आणि बाळ जन्मल्यावर बहुतेकांच्या आपोआप लहान होत जातात, कित्येकांच्या तर दिसेनाशा होतात. एक नंबर आणि तीन नंबर कोपऱ्यात आहेत, त्यांची काळजी नाही. दोन नंबर मात्र डाव्या बाजूला, रक्त जिथून शरीराकडे निघतं त्या वाटेच्या तोंडाशी. ती वाढली तर वाट अडेल. मग औषध द्यायचं, नाहीतर एवढ्याशा छातीचं ऑपरेशन. लहान झाली तर काहीच करायचं नाही.

"मग आत्ता काय करायचं?" मी विचारलं.

"मोजत राहायचं," मॅडम म्हणाल्या.

मामाजी आमच्यासोबत आले होते. तोवर ते खाली मान घालून बसलेले. हे ऐकून त्यांनी मान वर केली. "मोजनं त मले येते," ते म्हणाले. मग कागदावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवून, "पन मॅडम, आपोआप लहान कोनती गोष्ट होते जी? मी सारी जिंदगी मोजून राह्यलो. लहान झालेलं काही पाह्यलं नाई."

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही, कारण माझाही तोच प्रश्न होता. मी झाडांची माणूस. दरवर्षी तीच झाडं मोजते आणि दरवर्षी ती जाडच झालेली असतात.

मुलगी उन्हाळ्यात झाली, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, नागपूरलाच. पहिलं रडली ते इतक्या तावातावाने, की नर्स म्हणाली, ही कोणावर चिडलीय? राग माझा घेतलाय, एवढं तर लगेच कळलं. तिसऱ्या दिवशी तिचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. मी पलंगावर होते, म्हणून नवरा आणि मामाजी गेले. नर्सने मला नंतर सांगितलं, की मॅडमनी एक आकडा सांगितला आणि मामाजींनी तो एवढ्या मोठ्याने परत ओरडला, की बाळ दचकलं, पडद्यावरचं चित्र हललं आणि मॅडमना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मी नवऱ्याला विचारलं, केवढी आहे? तो म्हणाला, "ठीक आहे." त्या दिवशी त्याला शाळेचं नाव विचारलं असतं तरी "ठीक आहे" म्हणाला असता.

आम्ही दहा दिवस नागपुरात राहिलो. मामाजी आधी घरी परतले. मी बाळाला घेऊन घरात पाऊल टाकलं, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि दारावर पाहिलं.

१ – २५
२ – ४४
३ – १९

मी नवऱ्याच्या दप्तरातून पट्टी काढली आणि चव्वेचाळीस मिलिमीटर म्हणजे किती ते पाहिलं. मग बाळाच्या छातीवर पट्टी धरली. एवढ्याशा छातीत एवढी गाठ मावते कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी पट्टी परत ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन पाणी सोडून रडले.

पुढचे दोन महिने मी त्या चव्वेचाळीसबरोबर राहिले. सकाळी चहा ठेवताना चव्वेचाळीस, रात्री ओटा पुसताना चव्वेचाळीस. मॅडमनी सांगितलं होतं, दूध पिताना घाम येतो का पाहा, ओठ निळे पडतात का पाहा. आलापल्लीच्या उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही? मी बाळाला पाजताना नवरा समोर बसून तिच्या कपाळाकडे पाहत राही आणि त्याच्याच कपाळावरून घाम गळे. आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगून ठेवली होती. अशा गाठींच्या मुळाशी पुष्कळदा जन्मतःच जनुकांतून आलेला एक दोष असतो, त्यात मुलांना झटके येऊ शकतात, तेव्हा काही वेगळं वाटलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. नवऱ्याने हे मनावर घेतलं. त्याच्या मोबाइलमध्ये आजही आमच्या मुलीच्या उचक्या, शिंका, जांभया आणि एकदा माझ्यावर केलेली उलटी, सगळं तारीखवार आहे. मॅडमनी त्यातलं बरंच बसून पाहिलं, हा त्यांचा मोठेपणा.

दुसरा इको रोवणीच्या दिवसांत आला. चामोर्शीकडे माझ्या नणंदेचं धानाचं शेत आहे, रोवणीला तिला माणसं मिळेनात, म्हणून मामाजी तिकडे गेले होते. आम्ही दोघंच बाळाला घेऊन नागपूरला गेलो. मॅडम त्या दिवशी ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. एका तरुण डॉक्टरने इको केला, कागद दिला, "छान आहे, दोन-तीन महिन्यांनी या," म्हणाला आणि पुढच्या बाळाला आत घेतलं. नवऱ्याने बाहेर येऊन कागद वाचला.

"दोन नंबर किती?" मी विचारलं.

"तेरा."

"नीट पाहा."

"तेरा लिहिलंय."

चव्वेचाळीसचे तेरा! मी त्या कॉरिडॉरमध्ये काय केलं ते नवरा लोकांना करून दाखवतो, म्हणून मीच सांगते. मी बाळाला त्याच्या हातात दिलं आणि टुणकन उडी मारली. मग आणखी एक मारली. एका अनोळखी आजीबाईंचे दोन्ही हात धरून मी त्यांना गरकन फिरवलं. त्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, पण त्या फिरल्या. वॉचमन आला, त्यालाही मी सांगितलं, चव्वेचाळीसचे तेरा झाले! तो म्हणाला, "बधाई हो मॅडम, पर आवाज़ कम." आधीचा रिपोर्ट आमच्याच पिशवीत, त्याच फाइलमध्ये होता. उघडून पाहायची गरज कोणाला वाटली? आम्हाला दार पाठ होतं.

मामाजींना फोन लावला. ते बांधावर होते.

"मामाजी, दोन नंबर तेरा झाली!"

"तेरा!" ते पलीकडून ओरडले. मग फोनमध्ये नुसता चिखलाचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज आला. नणंदेने नंतर सांगितलं, मामाजी धानाच्या रोपांचा पेंढका डोक्यावर घेऊन बांधीतल्या चिखलात नाचले आणि तिथेच बसले, म्हणजे पडलेच. त्या आठवड्याच्या बाजारात त्यांनी चामोर्शीला ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले, मार्कंड्याच्या देवळात जाऊन नारळ फोडला, आणि दोन मोठे खोके घेऊन आलापल्लीला आले. नवऱ्याने तोवर दारावर आपल्या सुंदर मास्तरी अक्षरात ४४ च्या पुढे १३ लिहून ठेवले होते. मामाजी त्या आकड्यापुढे हात जोडून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी एक खोका घेऊन मी डेपोत गेले. अजून रजेवर होते, पण सगळी आपलीच माणसं. पाऊस उघडला होता, ओंडक्यांना ओला वास येत होता आणि दोघं जण मोजणी करत होते. मामाजींच्याच हाताखाली तयार झालेले एक भाऊ टेप धरून होते. मी पेढा पुढे केला. ते म्हणाले, "एक मिन्ट, एवढं होऊ द्या," आणि ओंडक्याला टेप गुंडाळून ओरडले, "लांबी तीन मीटर, गोलाई एकशे वीस!"

"लांबी तीन, गोलाई एकशे वीस!" वहीवाला ओरडला.

माझा पेढ्याचा हात तसाच राहिला. गोलाई. डेपोत कोणी आरपार, म्हणजे व्यास, मोजत नाही. डेपोत सगळं गोलाईने चालतं, भोवती टेप फिरवून. मामाजींनी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

"मॅडम, देता का नाई?" भाऊंनी विचारलं. मी पेढा दिला, खोका तिथेच ओंडक्यावर ठेवला आणि स्कूटी अशी पळवली, की खाणीच्या दोन ट्रकवाल्यांनी मला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

घरी येऊन पिशवी उपडी केली. पहिला रिपोर्ट: दोन नंबर, चौदा मिलिमीटर. चौदा! मामाजींनी घरी येऊन त्याला बावीस सप्तमांशाने गुणून गोलाई काढली होती, चव्वेचाळीस, आणि मनापासून, बरोब्बर, दारावर लिहिली होती. पुढे आम्ही लिहिलेले तेरा मात्र आरपारचे. चौदाचे तेरा. एक मिलिमीटर. एका मिलिमीटरसाठी दोन तालुक्यांत पेढे वाटून झाले होते. घरात एक गणिताचा मास्तर, एक वनरक्षक आणि एक जन्मभर मोजणी केलेला माणूस, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही!

मामाजी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मी जे ओरडले ते इथे लिहीत नाही. रोगाचा आकडा आणि ओंडक्याचा आकडा यांत फरक कळत नाही का, गोलाई काढायला तुम्हाला सांगितलं कोणी, असं ते बरंच लांबत गेलं. मामाजींनी ऐकून घेतलं. मग उठले, दाराकडे गेले आणि बोट ठेवलं.

"हे म्या लिवलं. चव्वेचाळीस. बराबर हाय का नाई?"

"बरोबर आहे, पण..."

"मंग तेरा कोनं लिवले? गोलाईच्या रकान्यात आरपार कोनं लिवलं? पस्तीस वर्सांत असं एक लाकूड माह्या हातून गेलं नाई, बाई."

नवरा तेवढ्यात शाळेतून आला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने दाराकडे पाहिलं, रिपोर्टकडे पाहिलं, चप्पल काढली, आणि म्हणाला, "पायचा गुणाकार राहिला." मी त्याला टॉवेल फेकून मारला. मामाजी पाळण्याजवळ जाऊन बसले. त्यांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला, आणि ते पाहून मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, दार, गोलाई, पेढे. पलीकडून अशी हसण्याची उकळी आली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पेढे परत घेऊ नका. दोन महिन्यांत बाळाचं वजन किती वाढलं? हृदयही वाढलंय. गाठ मात्र वाढली नाही, उलट एक मिलिमीटर कमीच. वाट रुंद झाली आणि गाठ तेवढीच राहिली. याहून चांगली बातमी मला आत्ता अपेक्षितच नव्हती."

मी हे मामाजींना सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

"म्हन्जे झाड वाढून राह्यलं आन गाठ नाई?"

"हो."

"मंग झाड काऊन मोजून नाई राह्यलो आपन?"

त्यांनी तेरा खोडून एक्केचाळीस लिहिले. मग कपाटातून आपला जुना, सेंटिमीटरचा डेपोचा टेप काढला, पाळण्यातल्या बाळाच्या छातीभोवती हळूच गुंडाळला आणि ओरडले, "गोलाई एकोनचाळीस!" मी बाजूला उभी होते. कोणीतरी परत ओरडायला हवंच होतं. "एकोणचाळीस!" मी ओरडले. बाळाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती दात नसलेलं तोंड भरून हसली. पेढ्यांचा उरलेला खोका आम्ही त्याच रात्री संपवला.

तेव्हापासून दर रविवारी तिची छाती मोजायची, हा घरचा नेम झाला. दाराच्या डाव्या बाजूला गाठी, उजव्या बाजूला मुलगी.

तिसऱ्या खेपेला दोन नंबर आठवर आली होती. मामाजींनी तिथेच बोटांवर हिशोब करून "गोलाई पंचवीस!" म्हणून आरोळी ठोकली, आणि या वेळी मॅडमही मोठ्याने "पंचवीस!" म्हणाल्या. मला परत उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण मग मॅडमनी खोलीतले दिवे बंद केले आणि जांभळ्या उजेडाचा एक छोटा दिवा बाळाच्या पाठीवर धरला. साध्या उजेडात जेमतेम दिसणारे तीन-चार फिके डाग त्या उजेडात पांढरे शुभ्र चमकले, लांबट, पानाच्या आकाराचे. मॅडम म्हणाल्या, या दोषाचं नाव ट्यूबरस स्क्लेरोसिस, आणि हे त्याचंच लक्षण. कधी तो बाळात नव्यानेच होतो, कधी आई किंवा बापाकडून येतो. तुमच्या दोघांच्या अंगावर असं काही?

मी मुकाट्याने सलवार वर केली. माझ्या डाव्या पोटरीवर जन्मापासून एक पांढरट डाग आहे. आई म्हणायची, ग्रहणात तिने चाकू हातात धरला होता, त्याचा. मॅडमनी दिवा धरला. डाग चमकला. तसाच, पानासारखा.

त्या म्हणाल्या, तुमच्यात अगदी सौम्य असणार, पण तुमचीही तपासणी करून घ्या, मूत्रपिंड, मेंदू, हृदय. मी मान हलवली आणि मुळीच करणार नाही असं ठरवलं. माझ्या लेकीच्या हृदयात त्या गाठी मीच ठेवल्या होत्या, हे एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. परतीच्या बसमध्ये मी कोणावरही ओरडले नाही, त्यामुळे नवरा फार घाबरला. त्याने समजूत काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, "प्रत्येक बाळाला अर्धी-अर्धी शक्यता असते. यात चूक कोणाची नसते." गणित बरोबर होतं. मला ते नको होतं.

मामाजी पुढच्या सीटवर होते. मूल गावाच्या पुढे गेल्यावर ते मागे वळले.

"तुह्या पायावरचा डाग मी लग्नातच पाह्यला होता," ते म्हणाले.

"मग?" मी चिडून म्हणाले.

"मंग काय? तू लुगडं वर खोचून पंगतीत वाढून राह्यली होती. कोनाले पुरे म्हनू देत नव्हती. मी म्हनलं, घरात आवाज येईन आता."

एवढं बोलून ते पुढे वळले. मी खिडकीकडे तोंड केलं आणि आष्टीपर्यंत रडले. हलकं वाटलं, पण तपासणीला मात्र गेले नाही. दीड वर्ष टाळलं. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त असायचंच, कधी वणवा, कधी प्राण्यांची गणना, कधी नुसताच माझा राग.

मुलगी चालू लागली, पळू लागली, चिडून पाय आपटू लागली. झटके आजवर आले नाहीत. उद्या येणार नाहीत असं कोणी लिहून दिलेलं नाही, हे मला माहीत आहे, आणि तिच्या तपासण्या जन्मभर चालणार आहेत हेही. दारावर पंचवीसनंतर सोळा आले. एक आणि तीन नंबर आधीच गेल्या. तिला बोलता यायला लागलं तेव्हा आकड्यांपैकी एकच यायचा, "दोन". बिचारी जन्मल्यापासून घरात तेवढंच ऐकत होती.

ती दोन वर्षांची झाली आणि आम्ही परत नागपूरला गेलो. मॅडम बराच वेळ पडद्यावर शोधत राहिल्या. त्या गप्प होत्या आणि मला चंद्रपूरची ती खोली आठवली. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"दोन नंबर," मॅडम शेवटी म्हणाल्या, "मोजता येत नाही."

"म्हणजे?"

"मोजण्याइतकी उरलीच नाही. वाट पूर्ण मोकळी आहे."

आम्ही सगळे मामाजींकडे पाहू लागलो. परत ओरडायचं काम त्यांचं होतं. मग एकदम, "मोजता येत नाई!" अशी गर्जना झाली, की बाहेर रांगेतली चार बाळं एका सुरात रडायला लागली. नवऱ्याने, त्या थंड माणसाने, तिथल्या तिथे उडी मारली. त्याला सवय नव्हती, डोकं मशीनवर आपटलं.

या गोंधळात मॅडमनी मला पकडलं. "आता तुम्ही झोपा टेबलावर. आज सोडणार नाही." हसता हसता मी झोपले. त्यांनी माझ्या छातीवर तो गार चिकट गोळा फिरवला, थांबल्या, परत फिरवला. मग पडदा माझ्याकडे वळवला. माझं हृदय दणादण उडत होतं आणि त्याच्या भिंतीत एक बारीकसा पांढरा ठिपका चमकत होता, तिळाएवढा.

"याचा काही त्रास नाही," त्या म्हणाल्या. "खात्रीने सांगता येणार नाही. पण कदाचित तुमच्याही लहानपणी इथे एक गाठ होती. कोणाला कळली नाही, आणि गेली."

मला आई आठवली. मला पाठीला बांधून रोवणी करणारी, चिखलात उभी. तिला कोणी चव्वेचाळीस सांगितलं नव्हतं, कोणी तेरा सांगितलं नव्हतं. तिच्या पाठीवर मी आपली वाढत राहिले आणि माझ्या आत ती गाठ विरून गेली. आणि मी दीड वर्ष समजत होते, की मी लेकीला फक्त गाठ दिली. ती जाणंही माझ्याकडूनच आलं असेल, असं मॅडमच्या कुठल्या पुस्तकात नसेल, पण त्या टेबलावर मला तसंच वाटलं. मी रडले आणि हसले, दोन्ही एकदम, आणि पडद्यावरचं हृदय इतकं हललं की मॅडमनी हात टेकले.

घरी आल्यावर चप्पलही न काढता मामाजी दाराकडे गेले. दोन नंबरच्या ओळीच्या शेवटी त्यांनी लिहिलं, "मोजता येत नाई." मग खडू हातात धरून उभेच राहिले. म्हणाले, "बाई, तुहीबी ओळ पायजे."

"माझी कसली? माझी तर कोणी मोजलीच नाही."

"मंग आता मोजाव ना."

मुलीने हे ऐकलं. टेप कुठे असतो ते तिला माहीत होतं. ती पळत जाऊन तो घेऊन आली, माझ्या पायाशी बसली आणि जीभ बाहेर काढून, फार काळजीने, तो माझ्या डाव्या पोटरीला गुंडाळू लागली, नेमका त्या पांढऱ्या डागावर. तिचं बोट जिथे पडलं तिथे एकतीस होते, मला वरून स्पष्ट दिसत होतं. तिने आकड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, मान वर केली आणि ओरडली.

"दोन!"

मामाजींनी एकदा टेपकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. पस्तीस वर्षांत ज्यांच्या हातून एक चुकीचं माप गेलं नव्हतं, ते मामाजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं "दोन!" म्हणून ओरडले, आणि माझ्या ओळीत त्यांनी दोन लिहिलं.